पहिला रिमोटचा रणगाडा घेताय? आधी तो उलटा करून बघा

रिमोटवर चालणारा रणगाडा घ्यायचा म्हटलं की नव्या माणसाची नजर पहिल्यांदा वर जाते. तोफ केवढी आहे, टरेट म्हणजे तोफेचा वरचा मनोरा पूर्ण फिरतो का, धूर निघतो का, इंजिनाचा आवाज कसा येतो. काही महिन्यांनी तोच माणूस तक्रार घेऊन येतो, ती मात्र खालची असते. पट्टा निसटतो, एका बाजूचं चाक अडकतं, गिअरबॉक्स करकरतो. धूर यायचा बंद झाला म्हणून रणगाडा माळ्यावर गेला असं सहसा होत नाही. चालेनासा झाला की मात्र जातोच. म्हणून या लेखात निवड खालून वर केली आहे: आधी जमीन, मग पट्टे आणि चाकं, मग मोटर, आणि तोफ-टरेट सगळ्यात शेवटी.

एक गोष्ट सुरुवातीलाच वेगळी काढतो. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरच्या स्टॉलवर मिळतो तो रिमोटचा टँक म्हणजे खेळणं. घरात पाच-सहा वर्षांचं पोर असेल तर त्याला तोच घेऊन द्या, खुशाल आपटू दे. इथे ज्याबद्दल बोलतोय ते मॉडेल मोठ्या माणसांच्या छंदाचं आहे. त्याचे भाग सुटे मिळतात, ते उघडता येतं, दुरुस्त करता येतं. चौदा वर्षांच्या पुढच्या मुलाला बरोबर घेऊन बसलात तर उत्तमच.

पायरी १: आधी जागा ठरवा, मग आकार

या छंदात आकार प्रमाणात मोजतात. १/१६ म्हणजे खऱ्याच्या सोळावा भाग, १/३५ म्हणजे पस्तिसावा. जगभर सगळ्यात जास्त चालतं ते १/१६. त्याच्या खाली १/२४ आणि १/३५ आहेत. १/७२ चे हातावर मावणारे टँकही मिळतात, पण ते टेबलावरच बरे. वरच्या टोकाला १/६ ची धातूची मॉडेलं आहेत. ती उचलायला दोन माणसं लागतात, किंमत तर विचारूच नका.

१/१६ म्हणजे प्रत्यक्षात केवढा, हे खोक्यावरच्या फोटोवरून कळत नाही. साधा भागाकार करा. जर्मन टायगर तोफेसकट सुमारे ८.४५ मीटर लांब होता. सोळाने भागलं की ५३ सेंटिमीटर. रुंदी २२ सेंटिमीटर. अमेरिकन शर्मन त्यामानाने आटोपशीर, साधारण ३६-३७ सेंटिमीटर लांब. टी-९० तोफेसकट ६० सेंटिमीटरच्या आसपास जातो. वर्तमानपत्रातून या मापाचा चौकोन कापा आणि घरात जिथे ठेवणार तिथे मांडून बघा. टायगर सोफ्याखाली बसत नाही, हे घ्यायच्या आधी कळलेलं बरं.

आता जमीन. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये राहत असाल आणि खाली गुळगुळीत टाइल्स असतील तर धातूचे पट्टे नकोत. चरे पडतात आणि पकडही मिळत नाही. तिथे १/२४ किंवा १/३५ चा रबरी वा प्लास्टिक पट्ट्यांचा टँक मजेत फिरतो. जुन्या घरातली शहाबादी फरशी मात्र १/१६ ला मानवते. थोडी खरबरीत असते, पट्टा घसरत नाही. फक्त दोन फरश्यांमधल्या सांध्यात चुना निघालेला असेल तर लहान टँक तिथे नाक खुपसून बसतो.

गच्ची चांगली, पण सकाळी नाहीतर ऊन उतरल्यावर. सगळ्यात उत्तम म्हणजे मुरमाची, थोडी दाबलेली मोकळी जागा. तिथे धातूचे पट्टे असलेल्या १/१६ ला खरी मजा येते: चढ चढतो, धूळ उडवतो, मागे पट्ट्यांचा ठसा सोडतो. मुरमात एकच बघायचं. वाटाण्याएवढा खडा पट्टा ओढणारं दातेरी चाक आणि पट्टा यांच्यात सापडला तर मोटर अडते. अडली की रिमोटचा अंगठा लगेच सोडा, जोर लावू नका.

काळ्या मातीचं काय, हा सोलापुरात पहिला प्रश्न. कोरडी असताना ढेकळं आणि भेगा, त्यात १/१६ सुद्धा अडकतो. ओली असताना तर विषयच सोडा. ती दातेरी चाकाच्या दातांमध्ये भरते, दात बुजले की पट्टा त्यांच्यावर चढतो आणि निसटतो. चाकांच्या मागे साठून वाळली की खरवडून काढावी लागते. खऱ्या टायगरचीही दुसऱ्या महायुद्धात पूर्व आघाडीवर हीच रड होती: एकात एक गुंतलेल्या चाकांमध्ये चिखल भरायचा, रात्री गोठायचा आणि सकाळी टँक हलायचा नाही. शेत असेल तर बांधाच्या मुरमाड रस्त्यावर चालवा, वावरात नको.

पायरी २: तयार घ्यायचा, जोडायचा, की स्वतः बनवायचा

तीन वाटा आहेत. तयार टँक म्हणजे खोकं उघडलं, बॅटरी चार्ज केली, चालवला. यात हेंग लाँग ही चिनी कंपनी सगळ्यात जास्त दिसते. टायगर, पँथर, शर्मन, टी-३४/८५, पर्शिंग, लेपर्ड २, अब्राम्स, टी-७२, टी-९० असा तिचा १/१६ चा ताफा मोठा आहे. परदेशात त्यांची किंमत साधारण दीडशे ते अडीचशे डॉलरच्या पट्ट्यात असते. इकडे येईपर्यंत ती किती फुगते ते पुढे बघू. ताइगेन, टोरो यांचे जास्त धातू असलेले टँकही आहेत. वजनदार, देखणे आणि महाग.

दुसरी वाट किटची. जपानच्या शिझुओका शहरातल्या तामियाचे १/१६ चे फुल ऑप्शन संच यात नावाजलेले. टायगर, शर्मन, पर्शिंग, लेपर्ड २ए६ वगैरे. स्क्रू, गिअर, टॉर्शन बार (चाकांना स्प्रिंगचं काम करणारे दांडे), रंग, सगळं तुम्ही लावायचं. रिमोट आणि बॅटरी बहुधा वेगळी घ्यावी लागते. सातशे-हजार डॉलरचा खेळ. टँकचं पोट आतून कळायला याच्यासारखा गुरू नाही, पण पहिल्याच टँकवर एवढे पैसे घालावेत असं मला वाटत नाही. तामियाचीच १/३५ ची रिमोट मॉडेलंही आहेत, टेबलावर जोडायची हौस असेल त्यांना ती पुरतात.

तिसरी वाट म्हणजे पीव्हीसी शीट, गिअर मोटर आणि थ्रीडी प्रिंट केलेले पट्टे घेऊन स्वतः बनवणं. इंजिनिअरिंगच्या पोरांना ही जवळची वाटते. तिच्यासाठी खाली वेगळी पायरी ठेवली आहे.

माझं मत विचाराल तर नव्या माणसाने तयार टँक घ्यावा आणि तो उघडून शिकावं. एकदा गिअरबॉक्स काढून ग्रीस घालून परत बसवलात की किट जोडण्याची अर्धी तयारी झालीच.

पायरी ३: उलटा करा

टँक हातात आला, कुणाचा जुना बघायला गेलात, किंवा विकणाऱ्याने व्हिडिओ पाठवला, काहीही असो, आधी खालची बाजू बघायची. व्हिडिओ असेल तर विकणाऱ्याला स्पष्ट सांगा: टँक उलटा धरा, दोन्ही पट्टे पुढे-मागे फिरवून दाखवा. दाखवायला टाळाटाळ केली तर तुम्हाला उत्तर मिळालं.

टँकमध्ये दोन मोटर असतात, डाव्या पट्ट्याला एक, उजव्याला एक. दोन्ही सारख्या फिरल्या की सरळ जातो, एक हळू झाली की त्या बाजूला वळतो, एक पुढे आणि एक मागे फिरली की जागच्या जागी गिरकी घेतो. गिरकीत पट्टे आडवे घासले जातात, म्हणजे सगळा ताण खालच्या भागावर येतो. म्हणून त्या भागातली एकेक गोष्ट नीट तपासायची.

गिअरबॉक्स. हेंग लाँगचा एकच टँक दोन-तीन दर्जांत मिळतो. सगळ्यात स्वस्तात प्लास्टिकचे पट्टे आणि प्लास्टिकची चाकं. मधल्यात धातूचे पट्टे आणि धातूची दातेरी चाकं. वरच्यात बाकीची चाकंही धातूची. इथे लोक एक गफलत करतात: पैसे वाचवायला प्लास्टिकचा गिअरबॉक्स असलेला टँक घेतात आणि वर हौसेने धातूचे जड पट्टे चढवतात. जड पट्टा ओढायचं काम मग प्लास्टिकच्या दातांवर येतं आणि दात झडतात. धातूचे पट्टे हवे असतील तर आत स्टीलचे गिअर आहेत का, हे आधी विचारा. एकाच गोष्टीवर जास्त पैसे घालायचे असतील तर स्टीलच्या गिअरबॉक्सवर घाला.

गिअर चांगले की वाईट हे कान सांगतो. सोलापुरात कान असलेली माणसं कमी नाहीत. यंत्रमागाच्या कारखान्यात जन्म काढलेल्या एखाद्या फिटरला तो आवाज ऐकवून बघा. "अण्णा, बघा ओ जरा," म्हणून ओळखीच्या एका फिटरसमोर टँक ठेवला, तर त्यांनी रिमोटला हातही न लावता दातेरी चाक बोटाने डावी-उजवीकडे हलवून सांगितलं, "डावीकडं बुश गेलंय." बुश म्हणजे ज्या कड्यात दांडा फिरतो ते. त्याला फार ढिलाई असेल तर दांडा वाकडा फिरतो आणि गिअर एकमेकांवर नीट बसत नाहीत. तुम्हीही तेच करा. टँक बंद ठेवून दातेरी चाक धरा आणि हलवा. किंचित खेळ चालतो, खडखड चालत नाही.

पट्ट्याचा ताण. पट्टा फार सैल असेल तर वळताना निसटतो; फार ताणलेला असेल तर मोटर तापते आणि बॅटरी लवकर संपते. मधला भाग बोटाने उचलल्यावर थोडा वर येऊन परत बसला पाहिजे. ज्या टोकाला दातेरी चाक नसतं तिथल्या मोकळ्या चाकाला आयडलर म्हणतात, तो पुढे-मागे सरकवून ताण कमी-जास्त करता येतो. हा सरकणारा आयडलर आहे का, हे विकत घेताना विचारायचाच प्रश्न. नसेल तर पट्ट्यातला एखादा दुवा काढून किंवा घालून ताण ठरवावा लागतो, त्यासाठी बारीक पिन ठोकायचं सामान लागतं.

चाकं आणि स्प्रिंग. प्रत्येक चाक दाबून सोडा. सगळी सारखीच खाली-वर झाली पाहिजेत. एक दबत नसेल तर ते कुठेतरी घासतंय. जुन्या मॉडेलमध्ये इथेच केस, दोरे आणि चादरीचे तंतू गुंडाळलेले सापडतात. आधीच्या मालकाने आजवर घरात कुठे चालवलाय, तेही त्यावरून कळतं.

दोन्ही पट्टे एकाच वेगाने फिरतात का, हे टँक विटेवर किंवा लाकडी ठोकळ्यावर ठेवून, पट्टे हवेत ठेवून बघा. जमिनीवर दहा-बारा फूट सरळ चालवा. थोडा एका बाजूला ओढत असेल तर रिमोटवरच्या ट्रिमने, म्हणजे डावी-उजवी बारीक जुळवणी करायच्या बटणाने, निभावतं. फार ओढत असेल तर एक मोटर थकलेली आहे नाहीतर एका बाजूचा पट्टा जास्त कसलेला आहे.

वेगाबद्दल एक हिशोब. टायगरचा रस्त्यावरचा वेग तासाला ३८ किलोमीटरच्या आसपास. सोळाने भागलं की मॉडेलचा वेग येतो तासाला जेमतेम अडीच किलोमीटर, म्हणजे आजोबा सिद्धेश्वर तलावाकाठी फिरतात त्याहून हळू. विकणारा "लई पळतो" असं कौतुकाने सांगत असेल तर समजा की तो टँक नाही, टँकचं टोपरं घातलेली गाडी आहे.

पायरी ४: कोणता टँक

आता मनासारखं निवडा, पण पायरी ३ डोक्यात ठेवून.

टायगर सगळ्यांना हवा असतो आणि त्याचे सुटे भागही मुबलक मिळतात. पट्टे रुंद, बसका चौकोनी देह, मुरमात मस्त चालतो. अवगुण एकच: एकावर एक चढलेली चाकं. आतलं एक चाक काढायचं तर बाहेरची दोन-तीन काढावी लागतात. पँथरचंही तेच.

टी-३४/८५ साधा आहे. पाच मोठी चाकं, वरती पट्टा धरणाऱ्या छोट्या चाकांचा जंजाळ नाही, दातेरी चाक मागे. चाक काढा, पुसा, लावा. सुटसुटीतपणाला माझं पहिलं मत त्यालाच. दातेरी चाक मागे असलं की पुढे जाताना पट्ट्याचा सैलपणा वरच्या बाजूला येतो आणि पट्टा चाकांवर लोंबताना दिसतो. तो दोष नाही, खराही तसाच दिसायचा. नवीन माणूस तो बघून पट्टा कसायला जातो, तेवढं करू नका.

शर्मन लहान आणि अरुंद. फ्लॅटवाल्यांना सोयीचा. चाकांच्या जोड्या वेगवेगळ्या चौकटींवर बसलेल्या असल्यामुळे बिघडलेली एक जोडी तेवढीच सोडवता येते. उंच असल्यामुळे आडव्या उतारावर तो कलंडतो, तेवढं सांभाळायचं.

शर्मनला आपल्याकडचा इतिहासही आहे. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये पंजाबातल्या असल उत्तरला पाकिस्तानचे पॅटन रणगाडे अडवले त्यात सेंच्युरियन आणि एएमएक्स-१३ च्या बरोबरीने डेक्कन हॉर्स या रेजिमेंटचे शर्मनही होते. सेंच्युरियन म्हटलं की पूना हॉर्स ही रेजिमेंट आठवते: १९६५ चे परमवीर चक्र विजेते लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर आणि १९७१ च्या बसंतरच्या लढाईतले, पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. पण तयार १/१६ मध्ये सेंच्युरियन किंवा विजयंत सहज मिळेल अशी आशा धरू नका. आत्ताच्या भारतीय सैन्यातला हवा असेल तर टी-७२ म्हणजे आपला अजेय आणि टी-९० म्हणजे भीष्म, हे दोन सरळ मिळतात. टी-९० च्या मॉडेलवर तोफेच्या दोन्ही बाजूंना लाल डोळ्यांसारखे डबे असतील तर ते श्तोरा या क्षेपणास्त्रांना चकवणाऱ्या रशियन यंत्रणेचे. भीष्मवर ते नसतात. काढून टाका, तिथे चिलखताच्या विटा बसवा आणि रंग बदला, झाला भीष्म.

निवड करण्याआधी शक्य असेल तर एक रविवार अहिल्यानगरला जा. टेंभुर्णी-करमाळा करत एका दिवसात जाऊन येणं होतं. तिथलं कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ साली सुरू झालं. मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन, विजयंत, पीटी-७६, पाकिस्तानकडून जिंकलेले पॅटन, सगळे उघड्यावर समोर उभे आहेत. लोक तोफेसमोर उभं राहून फोटो काढतात. तुम्ही चाकांशी उकिडवे बसा. पट्टा कुठे लोंबतो, दातेरी चाक पुढे आहे की मागे, चिखल कुठे साठत असेल, हे तिथे पाच मिनिटांत डोळ्यांना दिसतं. मॉडेल रंगवताना गंज आणि धूळ कुठे दाखवायची तेही.

पायरी ५: वरचं सामान

बोर्ड म्हणजे टँकचा मेंदू. रिमोटचा सिग्नल घेणं, मोटर फिरवणं, आवाज काढणं, सगळं तोच करतो. रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा हवा. जुन्या मॉडेलमध्ये लांब ओढायची अँटेना असलेले रिमोट दिसतात, ते कितीही स्वस्त मिळाले तरी नको. हेंग लाँगमध्ये टीके ६.० किंवा ७.० मालिकेचा बोर्ड आहे का ते विचारा. त्यात वेग हळूहळू वाढतो, त्याआधीच्या बोर्डांसारखा झटका देत नाही. झटका नाही म्हणजे गिअरही वाचतात.

तोफेतून सहा मिलिमीटरच्या प्लास्टिक गोळ्या सुटण्याची सोय बऱ्याच टँकमध्ये असते. ती सोडून द्या. डोळ्याला लागली तर गंमत राहत नाही, आणि पार्सल तपासणाऱ्या माणसाला गोळी मारणारी वस्तू दिसली की प्रश्न वाढतात. त्याऐवजी इन्फ्रारेड घ्या. टीव्हीच्या रिमोटसारखा अदृश्य किरण समोरच्या टँकवर पडतो, टँक हादरतो, ठराविक मार खाल्ल्यावर बंद पडतो. दोघा मित्रांकडे टँक असतील तर खरा खेळ हाच. दोघांची यंत्रणा एकमेकांशी जुळते का, एवढं घ्यायच्या आधी बघा. भर उन्हात इन्फ्रारेड नीट लागत नाही, त्यामुळे सोलापुरात लढाई संध्याकाळीच.

धुराची सोय एकदा-दोनदा वापरली जाते. आत तेल तापवणारा छोटा हीटर असतो, तेल संपल्यावर चालू ठेवला तर जळतो. बंद करायचं बटण असेल तर बंदच ठेवा.

बॅटरी आणि उन्हाळा

बहुतेक १/१६ टँक ७.२ व्होल्टच्या निकेल किंवा ७.४ व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर चालतात. निकेलची जड, पण सोसणारी. लिथियमची हलकी आणि जास्त वेळ चालणारी, पण तिचे नियम पाळावे लागतात. ७.४ व्होल्टमध्ये दोन सेल असतात. पूर्ण चार्जला प्रत्येकी ४.२ व्होल्ट, आणि ३ व्होल्टच्या खाली एकही सेल जाऊ द्यायचा नाही. टँक मंदावला, आवाज बसला की थांबा. महिनाभर वापरणार नसाल तर पूर्ण भरून नाही, प्रत्येकी ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. दोन्ही सेल वेगवेगळे मोजून भरणारा बॅलन्स चार्जर घेतला तर सोबत आलेला चिल्लर चार्जर फेकून द्यायला हरकत नाही.

एप्रिल-मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो तेव्हा हे नियम आणखी कडक. बॅटरी उन्हातल्या बंद कारमध्ये ठेवायची नाही, पत्र्याच्या खोलीत चार्ज करायची नाही. चालवून झाली की गार होऊ द्या, मगच चार्जला लावा. चार्ज करताना फरशीवर ठेवा, गादीवर नको, आणि घरात कुणीतरी जागं असू द्या. फुगलेली बॅटरी परत वापरायची नाही, कितीही जीव अडकला तरी. टँकही उन्हात सोडू नका. प्लास्टिकचा वरचा भाग वाकला की तो परत खालच्या भागावर नीट बसत नाही. नवी बॅटरी दुसरीकडून घेतलीत तर जोडणीत लाल-काळ्या तारा उलट नाहीत ना, हे मल्टीमीटर लावून बघा. सारख्या दिसणाऱ्या प्लगमध्ये तारा उलट असू शकतात, आणि एका चुकीत बोर्ड जातो.

पायरी ६: मागवणं

परदेशातून थेट मागवायचं आकर्षण असतं, कारण डॉलरमधली किंमत छान वाटते. पण खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. दर बदलत असतात, मागवायच्या दिवशीचा बघा. त्यावर कर, त्यावर चार किलोच्या खोक्याचं विमानभाडं. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. तुमचा टँक खेळणं की छंदाचं मॉडेल, यावर कस्टममध्ये वाद घालायला सोलापुरातून कोण जाणार? लिथियम बॅटरी विमानाने पाठवायला निर्बंध आहेत ते वेगळेच. म्हणून थोडे जास्त पैसे देऊन, आधीच माल आणून ठेवलेल्या पुणे-मुंबई-बेंगळुरूच्या छंदाच्या दुकानाकडून घेणं शहाणपणाचं. पक्कं बिल मागा. बॅटरी भारतातच घ्या.

विकणाऱ्याला टँकआधी सुट्या भागांचं विचारा: याच मॉडेलचा गिअरबॉक्स, पट्टे, दातेरी चाक आणि बोर्ड तुमच्याकडे वेगळा मिळतो का? "मागवून देऊ" हे उत्तर नाही. ज्याचे भाग मिळतात तो दुसऱ्या पसंतीचा टँकसुद्धा, भाग न मिळणाऱ्या पहिल्या पसंतीच्या टँकपेक्षा चांगला.

पार्सल आलं की उघडतानाचा व्हिडिओ काढा. तोफेची नळी, अँटेना, मागची हत्यारं मोडलेली असतात, पण ती चिकटतात. खालचा सांगाडा तडकलेला असेल तर मात्र परत करा.

स्वतः बनवणाऱ्यांसाठी

इथेही खालूनच सुरुवात. आधी मोटरचा हिशोब करा. दातेरी चाक ५ सेंटिमीटर व्यासाचं असेल तर एका फेऱ्यात टँक साधारण १५.७ सेंटिमीटर सरकतो. टायगरच्या प्रमाणात तासाला २.४ किलोमीटर म्हणजे मिनिटाला ४० मीटर. त्यासाठी चाकाला मिनिटाला सुमारे २५५ फेरे हवेत. ओझं आलं की मोटर मंदावते, आणि टँक हळू चाललेला शोभतो, म्हणून १२ व्होल्टच्या दोनशे ते तीनशे फेऱ्यांच्या गिअर मोटर योग्य. हजार फेऱ्यांची घेतलीत तर पळेल, पण चढावर बसेल.

मोटर चालवायला एल२९८एन हे मॉड्यूल स्वस्त म्हणून सगळे घेतात. ते दोनेक व्होल्ट स्वतःच खातं आणि तापतं. लहान टँकला चालेल. तीन-चार किलोच्या टँकला प्रत्येक मोटरसाठी एक बीटीएस७९६० लावा. रिमोटसाठी दोन वाटा. ईएसपी३२ हा वायफायचा छोटा बोर्ड घेऊन मोबाइलवरून चालवणं, किंवा फ्लायस्काय एफएस-आय६ सारखा सहा चॅनलचा रिमोट. प्रोग्रॅमिंगची आवड असेल तर पहिली, खऱ्या काडीवर अंगठा ठेवून चालवायचं सुख हवं असेल तर दुसरी.

सांगाडा पीव्हीसी शीटचा, चाकं आणि पट्टे थ्रीडी प्रिंटचे. पीएलए प्लास्टिक आपल्या उन्हात मऊ पडतं, पट्ट्यांना पीईटीजी वापरा. दातेरी चाक मोटरच्या दांड्यावर घट्ट बसवायचा हब मात्र प्रिंट करू नका. अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथ असलेल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये पितळेचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा करून घ्या, आडवा स्क्रू बसेल असं भोक पाडून. चित्रावर मिलिमीटरमध्ये माप लिहून न्या आणि मोटर बरोबर न्या. लेथवाल्या मामांना "अंदाजे" चालत नाही.

पायरी ७: पहिला दिवस

चालवण्याआधी खालचे सगळे स्क्रू एकदा बघा, कसून नव्हे, फक्त सैल आहेत का एवढं. गिअरवर ग्रीस आहे का बघा. नसेल तर पांढरं लिथियम ग्रीस, तेही दातांपुरतं. पट्ट्यांच्या पिनांना ग्रीस किंवा तेल लावायचं नाही. मुरमाची धूळ तेलात मिसळली की तिची कानस होते.

मग टँक ठोकळ्यावर ठेवून अर्ध्या वेगाने दहा मिनिटं पुढे, दहा मिनिटं मागे. मधे मोटरला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर थांबा. त्यानंतर जमिनीवर सरळ, मग मोठ्या वळणाने, आणि जागची गिरकी सगळ्यात शेवटी. जाड गालिच्यावर गिरकी घेऊ नका, पट्टा तिथेच निसटतो.

चढाची चाचणी घ्यायला घरातली सोलापुरी चादर चार घड्या करून जमिनीवर ठेवा आणि टँक सरळ तिच्यावर न्या. मग आठ घड्या. तिरका नेऊ नका. चढताना पट्टा दातांवरून टकटक करत सरकला तर ताण कमी आहे, आयडलर दातेरी चाकापासून किंचित लांब सरकवा. टँकचं पोट टेकून पट्टे नुसते फिरले तर तेवढी त्याची उंची, त्याला दोष देऊ नका. चालवून झाल्यावर चाकांमध्ये अडकलेले चादरीचे दोरे चिमट्याने लगेच काढा.

पहिल्या ऑर्डरबरोबरच पट्ट्याचे चार-सहा जादा दुवे आणि पिना, एक जोडी दातेरी चाकं, बॅटरीचा एक जादा संच, बारीक स्क्रू ड्रायव्हर आणि एक जुना दात घासायचा ब्रश बाजूला ठेवा. ब्रश घरात मिळेल. बाकीचं नंतर मागवलं तर कुरिअरचा खर्च त्या वस्तूंपेक्षा जास्त होतो.